तिचं तिला सांगू दे

नलिनीताईंचा जप संपतो न संपतो तोच फोन वाजला. लॅबवाल्यांनी सुनेचा, तेजश्रीचा रिपोर्ट त्यांच्या फोनवर धाडला होता. घरातल्या सगळ्यांसाठी तिथे त्यांचाच एक नंबर लिहिलेला. उघडून पाहतात तर तेजश्रीला दिवस गेलेले!

तेजश्री मात्र अवाक्षर बोलली नव्हती. बोलेल कशी? मागच्या खेपेला दुसऱ्याच महिन्यात नलिनीताईंनी आळीभर पेढे वाटले, आणि पुढे नको ते घडल्यावर पोरीला घरोघरचं ‘अरेरे’ ऐकावं लागलं.

त्यांनी रिपोर्ट पुसला आणि तडक लॅब गाठली. “हा तेजश्रीच्या नंबरावर पाठव, बाळ. यापुढचेही तिलाच.”

“अहो काकू, तुम्ही का परक्या?” काउंटरवरची मुलगी हसली.

“परकी नाही गं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तिचं तिला सांगू दे.”

त्या दिवसापासून नलिनीताईंनी दुपारचं मौन धरलं. “हे कुठलं नवं व्रत?” आळीतल्या बायकांनी छेडलं. त्या नुसत्या हसल्या.

तिसरा महिना सरला तशी तेजश्री ओट्याशी येऊन घुटमळली. “आई, कानात सांगते. कुणाला बोलायचं नाही हं!”

नलिनीताईंनी, काहीच ठाऊक नसल्यासारखा, कान पुढे केला.