दोन खाचांची गोळी

पिस्तुलाच्या गोळीचा नवा साचा आज सकाळीच टपालाने आला. आकृती माझीच होती, पहिल्यांदाच बनवून घेतलेली: चपटं नाक आणि कमरेला दोन खाचा. अशी गोळी जगात दुसऱ्या कुणाकडे नाही.

गॅरेजमध्ये शिसं वितळायला ठेवलं. घरामागच्या मातीच्या बांधावर मी गोळ्या झाडतो आणि दर वसंतात त्याच उकरून पुन्हा ओततो. चाळीस वर्षं हेच चाललंय. आता हात भरून येतात.

"म्हाताऱ्या, दुकानात गोळ्या मिळत नाहीत का?" बायको, लोर्ना, दारातून म्हणाली. "आणि तो शर्ट तरी बदल. कालच आणलाय, जाळून ठेवशील."

"राहू दे गं. दमलोय."

पहिली गोळी साच्यातून टॉवेलवर पडली. चकचकीत, दोन खाचांची.

आणखी शिसं हवं होतं, म्हणून गेल्या वसंतात उकरलेल्या गोळ्यांचा डबा ओढला. त्यातली एक हाताला वेगळी लागली. मळकी, नाक चेपलेली. कमरेला दोन खाचा.

नखाने माती खरवडली. नाकात कापडाची चिंधी रुतली होती, हिरव्या चौकडीची.

मी अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. हिरवी चौकडी. छातीपाशी कापड अजून शाबूत होतं.