पैलतीराचा अर्थ

आवाज धरून ठेवणारं मशीन घेऊन शहरातले प्राध्यापक गावात आले, तेव्हा सगळ्यांनी बयनाबाईला पुढं केलं. तिनं जात्यावर बसून ओवी म्हटली:

पल्याड माझी माय, अल्याड मी गं लेक
मधी वाहे पैनगंगा, डोंगा दिसंना एक

प्राध्यापकांनी मशीन थांबवलं आणि जमलेल्या लोकांना अर्थ समजावला. "नदी म्हणजे माया, डोंगा म्हणजे पार नेणारी नाव, अर्थात गुरू आणि पल्याडची माय म्हणजे मोक्ष!"

बयनाबाईनं जात्याचा खुंटा सोडला.

"कायचा मोक्ष? माही सख्खी माय होती ते! आपला जिल्हा आंध्रात गेला, अन् घाट कोन्या राज्याचा ह्या भांडणात डोंगा बंद पडला. पुराच्या दिवसात माय गेली. ह्या काठावर उभी राहून मी पल्याड तिच्या सरणाचा धूर पाह्यला. मोक्षाचा धूर निघते का, साहेब?"




प्राध्यापक गहिवरून म्हणाले, "वा, बाई! हे पुन्हा एकदा म्हणा. मघाशी मशीन बंद होतं."