आईच्या दाराचा रंग

“ताई, तुझ्या गेममधलं शेवटचं दार काही उघडत नाही,” धाकटा फोनवर कुरकुरला. “रंग कालवून अगदी दारासारखा केलाय. दार माझ्यावरच डूख धरून बसलंय.”

“तुझाच हात कच्चा. बाबांनी जाण्याआधी उघडलं होतं.”

त्या दारामागे तिने वारलेल्या आईची खोली उभी केली होती. “सगळं जसंच्या तसं आहे, पोरी,” बाबा म्हणाले होते. जाण्याआधी ते आईच्या खोलीत जाऊन आले, एवढ्याच आधारावर ती हे दिवस काढत होती. बाबा जन्मभर रंगारी. ‘जवळपास’ हा शब्द त्यांना खपत नसे. रंग जुळतो, नाहीतर जुळत नाही. म्हणून तिनेही कोडमध्ये लिहिलं होतं, रंग तंतोतंत तोच असेल तरच दार उघडायचं.

तिने कोड तपासला. कसेही रंग मिसळले तरी दशांशचिन्हापुढे, पार टोकाला, फरकाचा एक बारीक आकडा शिल्लक राहत होता. डोळ्यांना दिसत नव्हता, पण दार अडवत होता. चाचणी घेताना ती स्वतः नेहमी थेट खोलीतच उतरायची, त्यामुळे हे कधी कळलंच नव्हतं.

तिने थोड्याशा फरकाची मुभा दिली. दार झटकन उघडलं.

“आता उघडेल तुझंही. चूक माझीच होती.”

“मग बाबांनी कसं उघडलं गं?”

“नाहीच उघडलं,” ती म्हणाली. “कशालाही ‘जवळपास’ न म्हणणारा माणूस, माझ्याशी सरळ खोटं बोलला रे.”