मशीनमध्ये अप्पा काय बोलले

जिभेचा थोडा भाग कापल्यावर उरलेली जीभ कशी वळेल, हे शस्त्रक्रियेआधीच दाखवणारं संगणकावरचं मॉडेल मी बनवते. त्यासाठी निरोगी जीभ हवी होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनाच, अप्पांना, एमआरआयच्या मशीनमध्ये झोपवलं. "फक्त आ, ई, ऊ म्हणा," असं बजावलं होतं. मशीनच्या खडखडाटात आवाज टिपला जात नाही, जिभेची हालचाल तेवढी दिसते. शेवटी त्यांनी भलतंच काही म्हटलं. ते बाहेर येताच मी चिडले, "अप्पा, तेवढा भाग फुकट गेला!" ते नुसते हसले. "असू दे गं." तमिळ पंचांगातल्या गेल्या आडी महिन्यात अप्पा गेले. तमिळ मुलखातल्या आमच्या मेलकावेरीच्या घरात आता मी एकटीच. आज तो टाकून दिलेला भाग मॉडेलला दिला आणि पडद्यावर त्यांची जीभ हलली. मी तमिळ शब्द लावून पाहिले, कारण उंबऱ्याबाहेर अप्पा मराठी बोलतच नसत. एकही जुळेना. मग डोळे मिटून माझीच जीभ तशी हलवली: आधी खाली, मग पुढून वर, टोक दातांपाशी, नंतर मागचा भाग टाळूला. तोंडातून आपोआप घरातले मराठी शब्द आले. "आहेस की?" तेव्हा मी मशीनच्या खोलीच्या काचेपलीकडेच होते, पण पडद्याकडे बघत होते. "आहे, अप्पा," मी रिकाम्या घरात म्हटलं. पडद्यावरची जीभ पुन्हा पहिल्यापासून हलू लागली.