तीन तोंडांचा जोड

"एका सॉकेटला एकच," असं गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगणाऱ्या वायरमनने स्वतःच्या गाडीत मात्र लायटरच्या सॉकेटला तीन तोंडांचा जोड बसवला होता. चढावर रस्ता तुंबलेला. मागे आई ऑक्सिजनच्या मशीनवर. मशीनची बॅटरी कधीच संपलेली. एका तोंडाला मशीन, दुसऱ्याला फोन. "पाठ भरून आलीय रे," ती म्हणाली, म्हणून त्याने तिसऱ्याला विजेवरची शेकायची पिशवी लावली. फ्यूज उडाला. मशीन गप्प झालं. आईचे ओठ निळसर झाले. त्याने पिशवी काढली, हॉर्नचा फ्यूज उपटून सॉकेटला बसवला. मशीन पुन्हा घुरघुरलं. "शहाणा माझा," आई पुटपुटली. तेवढ्यात पांढरे दिवे लावून पुढचा ट्रक मागे येऊ लागला. मागची गाडी अगदी चिकटून उभी. "अरे, हॉर्न वाजव ना!" आई किंचाळली. त्याचा तळहात केव्हाचा हॉर्नवरच होता.