बारा जणींचं वजन

पहिल्या खेपेला व्हॅन फ्रीगंजच्या पुलाच्या निम्म्यावर थांबली आणि मग सावकाश, लाज वाटावी अशी, उलटी खाली आली. आत बसलेल्या बारा जणी एकदम "अगंबाई" म्हणाल्या.

पुलाच्या माथ्यावर ट्रॅव्हल्सवाला सौरभ उभा होता. त्याची अट साधी होती. बारा सवाऱ्या घेऊन गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पूल चढली, तर ओंकारेश्वरच्या रोजच्या फेऱ्या जयंतच्या. नाही चढली तर नाही. घाटात यात्रेकरूंना खाली उतरवून धक्का मारायला लावणारी गाडी त्याला नको होती. जयंतच्या सोळा वर्षांच्या डिझेल व्हॅनला दुसरं कुणी काम देईना. भंगारवाल्याचा मात्र दोनदा आपुलकीने फोन येऊन गेला होता.

रविवारी सकाळी बारा सवाऱ्या आणायच्या कुठून, हा प्रश्न जयंतच्या बायकोने, नंदाने, चुटकीसरशी सोडवला. माधव नगरातलं तिचं भजनी मंडळ चहा पिऊन, पदर खोचून हजर झालं. "बसायचंच तर काम आहे, ते आम्हाला छान जमतं," असं मीराकाकू म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे बघून जयंतलाही ते पटलं.

दुसऱ्या खेपेला गाडी आणखी थोडी वर गेली. मग इंजिनाला धाप लागली, मागे काळा लोट उठला, आणि एक ई-रिक्षा शेजारून पुढे निघून गेली. तिचा चालक जाता जाता म्हणाला, "आराम से, अंकल." जयंत पुन्हा उलटा खाली आला. त्याचे कान तापले होते. उभ्या आयुष्यात त्याला इतकं ओशाळं वाटलं नव्हतं.

खाली राठौर मिस्त्री पान्हा घेऊन तयारच होता. दोन दिवस खपून त्याने टर्बोचा फाटलेला पाइप बदलला होता, जाळ्या साफ केल्या होत्या, पंपाचा स्क्रू खोलून डिझेल वाढवलं होतं. जोर वाढला होता खरा, पण तो सगळा धुरात गेला होता.

"आणखी थोडं खोला ना, भैया," जयंत म्हणाला.

"भाईसाब, ये आखरी है. इसके बाद इंजन हाथ में आ जाएगा."

"येऊ दे. एकदा वर गेली म्हणजे झालं."

राठौर बॉनेटमध्ये वाकला. जयंत त्याच्या शेजारी उभा राहून स्क्रूकडे बघत राहिला, जणू नजरेनेच तो फिरणार होता. आतून बायकांची कुजबुज ऐकू येत होती. देवाचं नाव घेत असतील, असं वाटून त्याला बरं वाटलं. मग राठौरने इंजिन रेस करून बघितलं आणि त्या आवाजात सगळं बुडून गेलं.

"चलो, रोड खाली है!" राठौरने बॉनेट आपटलं. "भगाओ!"

जयंत उडी मारूनच सीटवर बसला. मागे वळून न बघता ओरडला, "घट्ट धरा गं सगळ्या!"

पहिला, दुसरा, तिसरा. चढ लागला आणि गाडीने मान टाकली नाही. टर्बोची शीळ त्याला कित्येक वर्षांनी ऐकू आली. तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकत होता, सरकू दे. निम्मा पूल गेला. ई-रिक्षाने मागे टाकलं ती जागा गेली. जयंतला हसू आवरेना. त्याने स्टीअरिंगवर थाप मारली, लहानपणी पतंग कापल्यावर ओरडायचा तसा ओरडला, आणि थेट सौरभपाशी जाऊन ब्रेक लावला.

"काय काकू! कशी चढली?"

तो वळला. शेवटच्या बाकावर सुलूमावशी एकट्याच बसल्या होत्या, दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून.

"मस्त चढली रे, जयंता," त्या म्हणाल्या.

"बाकीच्या?"

"उतरल्या ना. नंदाच म्हणाली, ह्यांना तिसऱ्यांदा उलटं खाली येताना मला नाही बघवणार." मावशींनी गुडघ्यांवरून हात फिरवला. "मलाही उतरायचं होतं रे. पण हे मेले वळतच नाहीत."

सौरभने बाजूचं दार सरकवलं. रिकाम्या बाकांवरून त्याची नजर फिरली. जयंतकडे त्याने बघितलं नाही. "आइए माताजी, हाथ दीजिए," एवढंच म्हणून त्याने मावशींना हलकेच खाली उतरवलं, त्यांना नमस्कार केला आणि आपली मोटरसायकल सुरू केली.

पुलाच्या पायथ्याशी अकरा जणी टाळ्या वाजवत होत्या. सगळ्यांच्या पुढे नंदा होती. जयंतने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिला दिसेल असा हलवला.