तापमानाची मर्यादा

जेवता जेवता निशांतने आईपुढे, जयमालाबाईंपुढे, लॅपटॉप सरकवला. "आई, लिनक्सवर मी स्वतः प्रोग्राम लिहिलाय. प्रोसेसर जरा तापला की पंखे आपोआप जोरात फिरतात. त्याला मागावं लागत नाही."

वाऱ्याने ज्योत हलते आणि पोळ्या वातड होतात, या त्याच्याच तक्रारीमुळे स्वयंपाकघरातला पंखा बंद होता. आत त्याची बायको श्रुती घामाने निथळत एकेक गरम पोळी त्याच्या ताटात पोहोचवत होती.

जयमालाबाईंनी मोठ्या कौतुकाने विचारले, "आणि पंख्यांनाही ती उष्णता आवरली नाही तर?"

"मग मशीन स्वतःच बंद होतं. नाहीतर जळेल ना!"

"शहाणं आहे हो," म्हणत जयमालाबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहून हुकूम सोडला, "श्रुती, गॅस बंद कर आणि जेवायला बस. उरलेल्या पोळ्या इंजिनिअरसाहेब लाटतील."